जिप्सीचं वरखाली होणारं आयडलिंग : «एवढं डोकं कशाला लावायचं?» या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, मारुती जिप्सीच्या आयडलवर (म्हणजे गाडी उभी असताना, पेडल न दाबता इंजिन कसं चालतं त्यावर) मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून जरा राग आला हे लपवत नाही, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की तुमच्या तीन मुद्द्यांपैकी एक शंभर टक्के बरोबर आहे, एक तुमच्या गाडीपुरता बरोबर आहे आणि एक प्रश्न इतका चांगला आहे की तो मीच मूळ लेखात घ्यायला हवा होता. म्हणून इथे चार ओळीत न उरकता सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दादांचं म्हणणं असं की जुन्या जिप्सीचं आयडल वरखाली होत असेल तर मेकॅनिक आयडलचा स्क्रू अर्धा फेरा फिरवतो आणि १० मिनिटांत गाडी घड्याळासारखी चालते, त्यांच्या ९३ च्या गाडीला गेली कित्येक वर्षं हेच करतायत, आणि मी उगाच व्हॅक्युम लीक (इंजिनने भलत्याच फटीतून हवा ओढणं), सेन्सर वगैरे लिहून लोकांना घाबरवतोय. दुसरं, कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) चालू इंजिनवर मारायला सांगणं हा येडेपणा आहे. तिसरं, कुठून जास्तीची हवा आत गेली तर पेट्रोल कमी पडून इंजिन बसायला पाहिजे, मग रेस (इंजिनचा वेग) वाढते असं मी लिहिलंच कसं?

आधी कार्ब क्लीनर. मान्य. लीक शोधायला लोक मारतात, मीही मारलाय, पण तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जवळ पेटणारा स्प्रे मारणं हे चूकच आहे आणि जुन्या गाडीत वायर सेटमधून ठिणगी बाहेर उडत असेल तर विचारूच नका. लेखातली ती ओळ काढली. त्याऐवजी झाडांना पाणी मारायची साधी बाटली घ्या आणि जॉइंटवर, पाइपवर बारीक फवारा, जिथे इंजिन हवा ओढत असेल तिथे पाणी क्षणभर भेग बुजवतं आणि आवाज बदलतो. डेल्कोवर (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर) आणि वायरींवर मात्र नको, नाहीतर वेगळंच मिसिंग (इंजिनचा ठोका चुकणं) सुरू होईल आणि तुम्ही भलत्याच मागे लागाल.

आता स्क्रू. दादा, तुमची गाडी ९३ ची, म्हणजे ९७० सीसीची, कार्बोरेटरवाली. माझी २००४ ची, १३०० सीसीची, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल इंजेक्ट करणारी. जिप्सी १९८५ मध्ये आली, १९९६ ला जिप्सी किंग आली तेव्हाही कार्बोरेटरच होता, इंजेक्शन आलं २००० मध्ये. बाहेरून बघितलं तर तीच गाडी, तेच डबडं, आयडलचा आवाजही बिघडल्यावर दोन्हीत सारखाच वाटतो, ऊंऽऽ हूंऽऽ ऊंऽऽ हूंऽऽ. पण तुमच्या गाडीतला स्क्रू कंपनीने फिरवण्यासाठीच दिलाय. माझ्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा जायच्या तोंडावर) जो स्क्रू दिसतो तो बटरफ्लाय (पेडलने उघडणारी तिथली झडप) किती बंद व्हावी याचा अडसर आहे, फॅक्टरीत एकदा बसवून सोडलेला, आणि आयडल सांभाळतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), बाजूच्या वाल्वमधून हवा कमीजास्त करून. इथेच आपण दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल भांडतोय.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे, आणि तो प्रश्न खरंच भारी आहे. तुमच्या कार्बोरेटरला चोरवाटेने आलेली हवा दिसत नाही. ती कार्बच्या खालून, बेसच्या गॅस्केटमधून नाहीतर ब्रेक बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) असेल तर त्याच्या पाइपातून घुसते, तिच्यासोबत पेट्रोल येत नाही, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी भकभक करते, थरथरते, सिग्नलला बंद पडते. तुम्ही म्हणता तसंच. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे, तो इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो. हवा कुठल्याही दारातून येऊ दे, मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला वाटतं इंजिनने जास्त हवा घेतली, तो त्या हिशोबाने पेट्रोलही जास्त देतो. जास्त हवा आणि वर जास्त पेट्रोल म्हणजे तुम्ही पेडलवर हलकासा पाय ठेवल्यासारखंच झालं. रेस वाढणारच.

पुढची गंमत अशी की ईसीयू आधी आपला वाल्व बंद करत जातो, रेस खाली आणायला. लीक मोठी असेल तर वाल्व पूर्ण बंद होऊनही रेस वरच राहते. आता ईसीयूच्या दृष्टीने चित्र असं, की पेडलवर पाय नाही (हे त्याला टीपीएस, म्हणजे बटरफ्लाय किती उघडी आहे ते बघणारा सेन्सर, सांगतो) आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय, म्हणजे गाडी नक्की उतारावर गिअरमध्ये आहे. मग तो पेट्रोल तोडतो. रेस धाडकन पडते, ठरावीक आकड्याच्या खाली आली की परत पेट्रोल सुरू, परत रेस वर, परत कट. मी आरपीएम मीटर जोडून बघितलं तेव्हा माझी गाडी साधारण १२०० ते १९०० च्या मध्ये झोके घेत होती, एकदम तालात. थंड इंजिनला ही पेट्रोल तोडायची मर्यादा वर असते, म्हणून सकाळी गाडी नुसती जास्त रेसवर असायची, झोके नाहीत, आणि तापली की पाळणा सुरू. ज्यांची गाडी «गरम झाल्यावरच करते» त्यांनी हे लक्षात ठेवा, सेन्सर बदलायला धावू नका.

आता तुमच्या मेकॅनिकचा उपाय माझ्या गाडीवर केला तर काय होतं? झोके थांबतात! खरंच थांबतात, कारण माझ्यावर हा प्रयोग झालेला आहे. एका गॅरेजमध्ये (नाव नको) तो स्क्रू फिरवून दिला, बटरफ्लाय जरा उघडी राहिली, टीपीएसला वाटलं पेडलवर पाय आहे, ईसीयूने पेट्रोल तोडणं बंद केलं. आयडल एकदम स्थिर. फक्त १६०० वर स्थिर, जिथे साधारण ८५० हवं. मी खुश, पैसे दिले, निघालो.

पुढच्या रविवारी राजमाची. येताना दगडांच्या उतारावर नेहमीप्रमाणे फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर), पहिला गिअर, पाय दोन्ही पेडलवरून बाजूला, आणि गाडी गोगलगायीसारखी उतरायच्या ऐवजी मला ढकलत खाली न्यायला लागली. फोर लोमध्ये इंजिनच ब्रेकचं काम करतं, इथे तेच इंजिन रेस देत होतं. पूर्ण उतार ब्रेक दाबून उतरलो, खाली आलो तेव्हा चाकांजवळ जळका वास, बायको एक शब्द बोलली नाही आणि ते जास्त वाईट होतं. तर दादा, लेखात «हा स्क्रू फिरवू नका» असं मी ठळक अक्षरात लिहिलं ते लोकांना घाबरवायला नाही. पण «एमपीएफआयवाल्यांनी» हा शब्द तिथे नव्हता हे खरं, तो आता टाकला.

शेवटी सापडलं काय? पीसीव्हीचा (इंजिनमधली तेलाची वाफ परत आत ओढणाऱ्या वाल्वचा) रबरी पाइप, जिथे वाकतो तिथे खालच्या बाजूने चिरलेला. वरून बघितला तर नवा कोरा. २० वर्षं तेलाची वाफ खाऊन रबर आतून लोण्यासारखं झालेलं. सापडला असा की मी मॅनिफोल्डला जाणारा एकेक पाइप नोज प्लायरने (जबड्यांना कापड गुंडाळून) हलकेच चिमटत गेलो. तिसऱ्या की चौथ्या पाइपला झोके थांबले. खर्च एका वडापाव पार्टीपेक्षा कमी.

त्याच्याआधी एक खात्रीची टेस्ट केली होती, ती लेखात राहिली होती. एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाइप काढायचा, आयडलवर असताना थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर सपाट फळकूट किंवा जाड रबरी मॅट दाबून धरायची. तळहात नको. सगळी हवा याच तोंडातून जात असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. माझं मजेत चालू राहिलं, म्हणजे ते दुसरीकडून श्वास घेत होतं. बंद पडलं असतं तर मग लीक सोडून आयडलच्या वाल्वकडे बघायचं, त्याच्या काजळीकडे. आणि कूलंट कमी असेल तर आधी ते भरा, टेम्परेचर सेन्सर हवेत लटकला की ईसीयूला इंजिन थंडच वाटत राहतं.

तुमच्या गाडीसाठी मात्र वेगळं सांगतो, कारण तुम्हाला दर दोन-तीन महिन्यांनी स्क्रू फिरवावा लागतो असं तुम्हीच लिहिलंय. चांगला सेट केलेला कार्बोरेटर एवढ्या लवकर हलत नाही. गाडी पूर्ण गरम करा, आयडलवर भकभकायला लागली की चोक (मिश्रणात पेट्रोल वाढवायची दांडी) अगदी थोडा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे एकतर कुठूनतरी हवा घेतंय नाहीतर स्लो जेटमध्ये (आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात) टाकीतला गंज अडकलाय. चोक ओढल्यावर आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त जातंय, फ्लोटची सुई (कार्बमध्ये पेट्रोल येणं थांबवणारी) बघा. काहीच फरक नाही आणि एकच सिलिंडर ठरावीक ठोक्याला मिसिंग मारतोय असं वाटलं तर कार्बला हात लावू नका, प्लग, वायर आणि टॅपेट (इंजिनचे वाल्व उघडणाऱ्या भागांमधली गॅप) बघा. गाडीला गॅस किट असेल तर टॅपेट सगळ्यात आधी, कारण गॅसवर वाल्व सीट झिजून वाल्व वर सरकतो, गॅप संपते आणि तो नीट बसतच नाही. असा सिलिंडर रस्त्यावर कळत नाही, आयडलला मात्र लंगडतो.

आणि गाडीला बूस्टर असेल तर त्याच्या पाइपाचं एक राहिलं. इंजिन चालू ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा, दाबताना आयडल लक्षात येईल एवढं बदलत असेल किंवा पेडलपाशी सूंऽ असा आवाज येत असेल तर बूस्टरमधला डायफ्राम (रबरी पडदा) फाटलेला असू शकतो. तसं असेल तर आयडलचं नंतर बघू, आधी ब्रेक करून घ्या. चोकचं काय झालं ते इथेच खाली लिहा, मी वाट बघतोय.