विषम आकड्याचा कर्नल कच्चा नसतो, तो मेसेज पुढे पाठवू नका

माझी भाची सांगलीला डिप्लोमा करते. तिच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, तिचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१. परवा फोनवर म्हणाली, "मामा, ६.१ काढून ६.२ टाकू का? ग्रुपवर आलंय, विषम आकडा धोक्याचा असतो." मग तो मेसेज मागवून वाचला. म्हणणं असं: टिंबानंतरचा आकडा विषम असेल तर कर्नल चाचणीपुरता, सम असेल तरच पक्का. पहिला आकडा बदलला की कर्नल नव्याने लिहिलेला, वर्षभर हात लावू नका. तिसरा आकडा किरकोळ, त्यासाठी अपडेट नको. आणि शेवटी, ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडात, कुणीही कोड घुसवतं. हे वाचून पोरं चांगली चालणारी मशिनं बिघडवायला बसली आहेत, म्हणून लिहितोय.

सम-विषमचा नियम एकेकाळी खरा होता, एवढं मान्य करावं लागेल. मार्च १९९४मध्ये १.० आला, त्यानंतर १.१ विकासासाठी, १.२ वापरासाठी. पुढे २.१, २.३, २.५ या विकासाच्या शाखा आणि २.२, २.४, २.६ पक्क्या. पण ही पद्धत मोडीत का निघाली, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. २.४ आला जानेवारी २००१मध्ये आणि २.६ डिसेंबर २००३मध्ये. मध्ये जवळजवळ तीन वर्षं गेली, आणि नवं काम २.५मध्ये अडकून पडलं. गिऱ्हाइकांना तर ते आजच हवं होतं. मग डिस्ट्रोवाले, म्हणजे कर्नलभोवती डेबियनसारखी पूर्ण प्रणाली बांधणारे, २.५मधले तुकडे आपापल्या २.४ला जोडत बसले, आणि पक्का म्हणवला जाणारा २.४ प्रत्येकाकडे वेगळा झाला. २००४मध्ये कर्नलवाल्यांनी हे थांबवलं. २.७ कधी उघडलाच नाही.

तेव्हापासून मुख्य शाखा एकच. सुरुवातीचे दोन आठवडे नवं काम आत घेतात, मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती), सातवी किंवा आठवी आरसी झाली की रिलीज. सगळं मिळून नऊ-दहा आठवडे. सम असो की विषम, प्रत्येक आवृत्ती याच वाटेने येते. कोणती जास्त काळ सांभाळली जाणार, हे ठरतं तिला एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती, म्हणून निवडलंय का यावर. ४.९, ४.१९, ५.१५, ६.१ या सगळ्या एलटीएस, आणि सगळ्या विषम. ५.४, ५.१०, ६.६, ६.१२ सम, त्याही एलटीएस. नियम शोधायला जागाच नाही.

आता भाचीला दिलेला सल्ला बघा. ६.२ फेब्रुवारी २०२३मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती मूळ शाखा बंद झाली. म्हणजे डेबियन ज्याला जून २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या पुरवणार आहे तो कर्नल काढायचा, आणि जिच्याकडे आता कुणी बघतही नाही ती शाखा टाकायची. का, तर दोन ही सम संख्या आहे!

पहिल्या आकड्याबद्दल फार लिहायची गरज नाही. कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या अधिकृत साइटवर स्पष्ट सांगितलंय की टिंबानंतरचा आकडा फार मोठा दिसायला लागला की पहिला वाढवतात, दुसरं कुठलंही कारण नाही. २.६.३९ नंतर ३.०, ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.०. नव्याने लिहिलेलं यात काहीच नाही. दुसऱ्या प्रकल्पांचे नियम वेगळे असतात. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत आजही विषम आकडा विकासाचा, ५.३९ झाला की मग वापरासाठी ५.४०. जीनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने ३.३८ नंतर ती पद्धत सोडली आणि मार्च २०२१मध्ये थेट ४० काढला. ज्याचा त्याचा नियम त्याच्या त्याच्याकडे बघायचा, पर्लचा कर्नलला लावायचा नाही.

मला खरा राग आलाय तो तिसऱ्या आकड्याच्या मुद्द्याचा. मार्च २०२२मध्ये 'डर्टी पाइप' ही त्रुटी जाहीर झाली. साध्या वापरकर्त्याला केवळ वाचायची परवानगी असलेल्या फाइलीतला मजकूर बदलता येत होता, आणि त्यातून थेट रूट, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी, होता येत होतं. ही त्रुटी शिरली ५.८मध्ये, म्हणजे सम आकड्याच्या कर्नलमध्ये. दुरुस्ती आली ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२मध्ये. ५.१५.२४वर थांबलेलं मशिन उघडं, ५.१५.२५वरचं सुरक्षित. ज्याला हा मेसेज किरकोळ म्हणतो तो आकडा हाच. शिवाय ५.१५सारख्या शाखेत दुरुस्ती घ्यायची तर ती आधी मुख्य शाखेत गेलेली असावी लागते. हवं ते आणून चिकटवता येत नाही.

'कुणीही कोड घुसवतं' हेही चूक. पॅच, म्हणजे कोडातला बदल, कुणीही पाठवू शकतो, पण तो त्या विभागाच्या मेंटेनरकडून (तो भाग सांभाळणाऱ्याकडून) तपासून मगच लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्सपर्यंत जातो. तपासणीतून चुका सुटतात, डर्टी पाइपही सुटलीच होती. म्हणून तर अपडेट लागतात.

एक गोष्ट डेबियनवाल्यांसाठी. टर्मिनलमध्ये 'युनेम -आर' ही आज्ञा दिल्यावर ६.१.० असंच दिसतं, त्यावरून अपडेट झालंच नाही असं समजू नका. खरा तिसरा आकडा 'युनेम -व्ही'मध्ये दिसतो. भाचीला सांगितलंय, ६.१ राहू दे, नेहमीचे अपडेट घे, आणि कर्नलचा अपडेट आला की मशिन रीस्टार्ट कर. तोवर जुनाच कर्नल चालू असतो.