चौदा पूर्णांक तीन पंचमांश

रविवारी सकाळी सलूनमध्ये जाताना आठवीतला मुलगा आणि त्याचा गृहपाठ बरोबर नेऊ नये. बाकावर नंबर लावून बसलो होतो. गणित होतं: (२क्ष − १)/३ − (क्ष − ३)/४ = ५. म्हटलं, छेदांचा लसावि १२, दोन्ही बाजूंना बाराने गुण.

"अहो, मुलाला उगीच घाबरवू नका!" खुर्चीतून आवाज आला. एक गाल तासलेला, दुसऱ्यावर फेस. "वही आण रे इकडे."

"साहेब, मान सरळ," कारागीर वस्तरा उचलून म्हणाला.

"थांब रे. आठ क्ष वजा चार. मग वजा तीन क्ष, वजा नऊ. उजवीकडे साठ. पाच क्ष बरोबर त्र्याहत्तर. लिही, चौदा पूर्णांक तीन पंचमांश!"

"वजा नाही, अधिक नऊ. वजाबाकी अख्ख्या 'क्ष वजा तीन'ची आहे. उत्तर अकरा."

"त्याला कंस कुठाय?"

"आडवी रेघ हाच कंस."

"रेघ ती रेघ. दिसतोय का हो कुणाला कंस?" बाकावरची सगळी मंडळी वहीत डोकावली. कुणालाच दिसेना.

मी ताळा करून दाखवला. एकवीस भागिले तीन सात, आठ भागिले चार दोन, सातातून दोन गेले पाच. गृहस्थ फेसातून हसले. "ताळा काय हो, कशाचाही जुळवता येतो."

यावर काय बोलणार? ११५० साली 'लीलावती'त भास्कराचार्यांनी भुंगे तरी दिले होते. पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, त्या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, एक हवेत घुटमळतोय, थवा पंधराचा. तिथे तीन पंचमांश भुंगा कुणी खपवून घेतला नसता. नुसत्या क्षचं काहीही करा, कोण विचारतो? आणि छेद उडवताना अंशाला कंस घालायचा, हे वर्गात एकदा पुटपुटून सांगतात. गुण मात्र दरवर्षी नेमके तिथेच कापतात. त्याचाही राग आहेच.

चिरंजीवांनी तोवर पेनाने उत्तर लिहिलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. "बाबा, काकांचं उत्तर जास्त अवघड आहे, म्हणजे तेच बरोबर असणार."

काका तुरटी लावून उठले, पैसे दिले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी थोडा सराव करत जा." तेवढ्यात माझ्या मागून आलेला एकजण खुर्चीत बसलाही होता.