आम्हाला काही नको, पण...

आजी गेल्यावर तिच्या खात्यात 41 हजार रुपये निघाले आणि नॉमिनीच्या रकान्यात आडवी रेघ.

"नॉमिनी काऊन नाही लावला जी?" बँकेतल्या बाईंनी मलाच झापलं. आता म्हणे चार-चार नॉमिनी लावता येतात. आजीनं चार लेकरांपैकी एकाचं नाव लिहिलं असतं, तर उरलेल्या तिघांनी तिला जिवंतपणीच जाब विचारला असता. नॉमिनी काही मालक नसतो, पैसे उचलून वारसांपर्यंत पोचवणारा हमाल असतो; पण हे आमच्या घरात सांगणार कोण?

शेजारच्या रिटायर्ड बापूंनी "प्रोबेट लागते" असं ठणकावलं. सिव्हिल लाइन्समधले वकील हसले. "प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, ते मृत्युपत्राचं असते भाऊ. आजीनं केलं होतं का? अन् केलं असतं तरी त्याची सक्ती मुंबईले होती, नागपूरले नाही."

मग 1925 च्या वारसा कायद्यातलं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसाला पैसे घ्यायचा हक्क देणारा कोर्टाचा दाखला? अर्ज, पेपरात नोटीस, कोर्ट फी, तारखा. तेही टळलं. रिझर्व्ह बँकेचे 2025 चे नियम सांगतात की भांडण नसेल आणि रक्कम 15 लाखांच्या आत असेल (सहकारी बँकेत 5 लाख), तर क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला, हमीपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र असे मोजके कागद पुरे. कागद पूर्ण झाले की 15 दिवसांत पैसे.

कागद पूर्ण झाले की! कायद्यानं सोडलं, नातलगांनी धरलं. तेरवीच्या पंगतीत बुंदी वाढून घेताना सगळे एका सुरात म्हणाले होते, "आम्हाला काही नको." तेच लिहून द्या म्हटल्यावर इंदूरच्या आत्याला आठवलं, "सही करते रे, पण आईच्या पाटल्या कोणाकडे आहेत?" धाकटे काका म्हणाले, "कोऱ्या कागदावर मी सही करत नसतो." कागद कोरा कुठला, चांगला पाचशेचा स्टॅम्प पेपर होता. ऑक्टोबर 2024 पासून शंभरात भागतच नाही.

त्यात पासबुकात आजीच्या नावापुढे 'बाई', आधारवर नुसतंच नाव, आणि मृत्यू दाखल्यात बाई आहे तर आजोबा गायब. या तिघी एकच, असं आणखी एक प्रतिज्ञापत्र.

शेवटी वारस कोण कोण, हे लिहून द्यायला नात्यातला नसलेला पण घर ओळखणारा माणूस हवा होता. बापू चष्मा पुसून तयारच. चारही नावं बिनचूक लिहिली, मग पेन थांबवून विचारलं, "मोठ्याचं अन् मधल्याचं बोलणं बंद हाये, ते कोणत्या रकान्यात टाकू?"