बँकॉकच्या मंदिरांचं ते फॉरवर्ड आणि माझी मावशी

‘बँकॉकला जाताय? हे सात मुद्दे वाचल्याशिवाय विमानात बसू नका!’ हे फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. आमच्या मावशीकडे ते विहारातल्या महिलांच्या ग्रुपवरून आलं. या बायका पुढच्या महिन्यात नागपूरहून बँकॉकला निघाल्यात. बहुतेकींचा पासपोर्ट कोरा आहे. मावशीनं ते फॉरवर्ड नुसतं वाचलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तिनं झेरॉक्सवाल्याकडून त्याचं प्रिंट काढून घेतलं, वर लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, ‘‘तुझ्या त्या मोबाइलला तिकडं रेंज नाही आली तर हे कामी येईल.’’ म्हणून हा उपद्व्याप.

सातही मुद्दे ओळीनं घेणार नाही. चौथा आधी, कारण बाकीच्यांनी फार तर हसं होईल, या चौथ्यानं पैसे जातील.

तो मुद्दा असा: बौद्ध सणाच्या दिवशी ग्रँड पॅलेस आणि पाचूच्या बुद्धाचं मंदिर दुपारी एकपर्यंत बंद असतं. बाहेर उभे असलेले सरकारी गाइड तसं सांगतात. त्यांचं ऐकावं, पांढऱ्या पाटीच्या सरकारी टुकटुकमध्ये (तिकडची तीनचाकी रिक्षा) बसावं, वीस बाटमध्ये (बाट म्हणजे थायलंडचं चलन) तीन मंदिरं होतात, आणि वाटेत सरकारी रत्नकेंद्रात वर्षातून एकदाच लागणारा करमुक्त सेल असतो, तिथून माणिक-नीलम घेऊन भारतात दुपटीनं विकता येतात.

हे ज्यानं लिहिलं तो एक तर स्वतः लुबाडला गेलाय आणि अजून त्याला ते कळलेलं नाही, किंवा लुबाडणाऱ्यांचा भागीदार आहे. तिसरी शक्यता मला सुचत नाही. कारण हा बँकॉकमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात नावाजलेला गंडा आहे. आणि तो इथं टिप म्हणून छापलाय!

राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर साफ लिहिलंय: रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. रोज. राजवाड्याच्या आसपास तर ‘आम्ही रोज उघडे असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका’ अशा सूचना इंग्रजीत लावलेल्या असतात, भोंग्यावरूनही सांगतात. मुळात सणाच्या दिवशी बुद्धाचं मंदिर बंद कोण ठेवेल? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला कुलूप लावतात का? हा एवढा प्रश्न ग्रुपवरच्या एकीलाही पडू नये?

गंडा चालतो कसा, ते मावशीसाठी सविस्तर सांगतो. ना फ्रा लान रस्त्यावर राजवाड्याचा मुख्य दरवाजा आहे. तिथं पोचण्याच्या थोडं आधी इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कसलं तरी ओळखपत्र अडकवलेला, छान इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो. तो काही विकत नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. कुठून आलात, इंडिया, अरे वा, बुद्धाची भूमी! मग हळहळून सांगतो की आज प्रार्थना चालू आहे, एक वाजेपर्यंत बंद. तुमचा दिवस वाया जाऊ नये म्हणून तुमच्याच नकाशावर पेनानं गोल करून देतो: उभा बुद्ध, लकी बुद्ध आणि एक ‘एक्स्पोर्ट सेंटर’. टुकटुकही तोच थांबवतो. पहिलं मंदिर खरं असतं, हे लक्षात घ्या. वाट इंथरविहानचा (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) ३२ मीटरचा उभा बुद्ध खरोखरच बघण्यासारखा आहे. दुसऱ्या शांत मंदिरात एखादा गृहस्थ ‘सहज’ भेटतो, आपण सरकारी नोकर असल्याचं सांगतो आणि बोलता बोलता म्हणतो की गेल्या वर्षी इथूनच खडे नेले आणि परदेशात विकून पोराच्या शिक्षणाचा खर्च काढला. म्हणजे आता तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली. तिघांची ओळख नाही असं तुम्हाला वाटतं. तिथंच माणूस फसतो.

दुकानात चहा-सरबत, प्रमाणपत्र, सगळं व्यवस्थित. खडे खोटे नसतात बरं का. काचेचे असते तर लगेच पकडले गेले असते. ते खरे पण हलक्या प्रतीचे असतात, किंमत मात्र कित्येक पट. आणि ‘सुरक्षिततेसाठी’ पार्सल दुकानच तुमच्या घरी पाठवतं, म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या सराफाला दाखवून भांडायला परत येण्याचा प्रश्नच मिटला. टुकटुकवाल्याला दुकानाकडून पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं. वीस बाटमध्ये तीन मंदिरं त्याला परवडतात ती अशी. सरकारी टुकटुक नावाचा प्रकार नाही, आणि सरकारी रत्नांचा सेलही नाही.

आता नाइलाजानं दोन गोष्टी मान्य करतो. एक, थायलंड रत्नांच्या धंद्यातलं मोठं नाव आहे हे खरं. चंथाबुरीचा बाजार आणि माणिक तापवून त्याचा रंग खुलवण्याची तिथली कारागिरी जगभर माहीत आहे. पण म्हणूनच तर! जिथं पिढ्यान्‌पिढ्या खडे पारखणारी माणसं बसलीत तिथून महापालिकेतून रिटायर झालेली बाई खडा स्वस्तात उचलून नागपूरच्या इतवारीत दुपटीनं विकणार, हे गणित कुठल्या पाटीवर बसतं? दोन, राजवाडा कधीच बंद नसतो असंही नाही. राजघराण्याचा समारंभ असेल तर काही भाग किंवा सगळंच बंद राहतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये थायलंडचे राजा भूमिबोल यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ते पर्यटकांसाठी बंद होतं. पण हे संकेतस्थळावर आधी जाहीर होतं, फुटपाथवरचा शर्टवाला येऊन कानात सांगत नाही. शंका आली तर सरळ चालत दरवाज्यापर्यंत जायचं आणि तिथल्या गणवेशातल्या माणसाला विचारायचं. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. मावशी, हा त्या लॅमिनेटच्या मागे पेनानं लिही.

आता पहिला मुद्दा. यावर माझं डोकं जास्त फिरलं. ‘वाट फोमधली निद्रिस्त बुद्धमूर्ती म्हणजे मूळचा शेषशायी विष्णू, नंतर तिचं बुद्धात रूपांतर केलं.’ हे कुठल्या ग्रुपवर फिरलं? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांना तोंडपाठ आहेत त्या बायकांच्या ग्रुपवर. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हे पाचव्या प्रतिज्ञेत आहे. दर पौर्णिमेला म्हणतो आपण. आणि त्याच हातानं हा मुद्दा पुढे ढकलला! खाली ‘जय भीम’ लिहून!

श्रद्धेचं बाजूला ठेवू, नुसतं बघून सांगा. ही मूर्ती तिसऱ्या रामाच्या (थायलंडच्या राजांना ‘राम’ म्हणून क्रमांक देतात) कारकिर्दीत, १८३२ च्या सुमारास घडवली. आत विटा, वर गिलावा, त्यावर सोन्याचा मुलामा. लांबी ४६ मीटर, उंची १५. कुठल्या जुन्या विष्णूला छिन्नी लावून हे होत नाही, ती जागच्या जागी रचलेली आहे. शेषशायी म्हटलं की नागाची शय्या हवी, नाभीतून कमळ आणि त्यावर ब्रह्मा हवा, पायाशी लक्ष्मी हवी. इथं यातलं एकही नाही. बुद्ध उजव्या कुशीवर आहे, उजवा हात डोक्याला टेकवलेला, खाली काचेच्या तुकड्यांनी मढवलेल्या चौकोनी उशा. पायांकडे गेलात की तळवे माणसापेक्षा उंच उभे दिसतात. काळ्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हं, मधोमध चक्र. सगळी बोटं एका लांबीची. ही लक्षणं कुणाची ते मावशीला मी शिकवायची गरज नाही.

आणि बँकॉकपर्यंत जायचं कशाला? अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, पाचव्या शतकातलं, सुमारे सात मीटर लांब. तिथंही बुद्ध उजव्या कुशीवर, खाली शोक करणारे शिष्य, वर देवगण. आमच्या विहाराची सहल तिथं जाऊन आलीय, त्या शिल्पासमोरचा ग्रुप फोटो विहारात लावलाय. वाट फोच्या मूर्तीहून तेराशेहून जास्त वर्षांनी जुनं हे शिल्प महाराष्ट्रातच आहे. मग ही मुद्रा विष्णूकडून उसनी घ्यायची वेळ थाई कारागिरांवर का यावी?

याच माळेचा मणी म्हणजे पाचवा मुद्दा: वाट अरुण हे मुळात शिवमंदिर. नाही. आज दिसतो तो उंच मनोरा दुसऱ्या आणि तिसऱ्या रामाच्या काळातला, बौद्ध मंदिराचाच. त्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे बसवून फुलं केलीत. ती जवळून बघा, कुठं बशीची कड ओळखू येते, कुठं वाटीचा बूड. हिंदू देवता तिथं आहेत का? आहेत. ऐरावतावरचा इंद्र वर कोनाड्यात बसलाय. थाई राजदरबारात ब्राह्मण पुरोहित आजही आहेत, त्यांचं देवस्थान १७८४ चं, वाट सुथातच्या जवळ, भल्या मोठ्या लाल झोक्याच्या शेजारी. पाचूच्या बुद्धाच्या मंदिराच्या ओवऱ्यांतून अख्खं रामायण १७८ चित्रांत रंगवलंय. हे सगळं खरं, आणि मला नाकारायचंही नाही. पण इंद्र बुद्धाच्या मंदिरात दिसला म्हणून मंदिर इंद्राचं होत नाही. पाली ग्रंथांत सक्क, म्हणजे इंद्रच, पानोपानी येतो, बुद्धाला वंदन करायला. आणि ‘आपलं रामायण तिकडं जसंच्या तसं जपलंय’ म्हणणाऱ्यांनी त्या ओवऱ्यांत जरा थांबून हनुमान बघावा. रामकियनमधला, म्हणजे थाई रामायणातला, हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्येशी, सुवन्नमच्छाशी, त्याचं जमतं आणि त्यांना मुलगाही होतो. हे पुढच्या फॉरवर्डमध्ये घाला बघू.

दुसरा मुद्दा दोन ओळींत. ‘पाचूचा बुद्ध साडेपाच टन वजनाच्या अखंड पाचूचा, भारतातून लुटून नेलेला.’ इथं दोन मूर्तींची खिचडी झालीय. साडेपाच टनांची आहे ती सोन्याची मूर्ती, चायनाटाउनजवळच्या वाट त्राइमितमध्ये. १९५५ साली हलवताना वरचा गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. पाचूचा म्हणतात तो बुद्ध जेमतेम ६६ सेंटिमीटरचा, हिरव्या दगडाचा, पाचूचा नाहीच. तो पाटलीपुत्रात घडला अशी कथा थाई लोकही सांगतात, पण इतिहासात तो दिसतो १४३४ मध्ये, उत्तरेतल्या चिआंग राईला. पुढे लाओसमध्ये दोनशेहून जास्त वर्षं होता, तिथून १७७९ मध्ये थाई सैन्यानं आणला. लूटच म्हणायची तर ती तक्रार लाओसनं करावी, आपण मधे कुठून आलो? ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा त्याची वस्त्रं राजाच्या हातून बदलली जातात, तेवढं मात्र फॉरवर्डमध्ये बरोबर आहे.

तिसरा: राजवाडा भारतीयांना फुकट. नाही. थाई नागरिकांना फुकट, आपल्याला ५०० बाट, म्हणजे बाराशे-पंधराशे रुपये धरून चाला. वाट फो आणि वाट अरुणची तिकिटं वेगळी. पासपोर्ट दाखवून वाद घालत बसू नका, मागे रांग असते.

सहावा: साडी चालत नाही आणि बायकांना गाभाऱ्यात प्रवेश नाही. दोन्ही खोटं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पारदर्शक कापड नको. बाह्यांचं ब्लाउज घाल, झालं. मंदिरात शिरताना चपला बाहेर, बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत. यात खरं आहे ते एकच: बाईनं भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही. दान द्यायचं तर ते पुढे कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. मावशीला भंतेजी दिसले की पाया पडायची सवय आहे, म्हणून हे पुन्हा सांगतो. लांबून पंचांग प्रणाम कर.

सातवा राहिला. ‘बुद्धमूर्ती घेऊन या, कस्टममध्ये कुणी विचारत नाही.’ भारतातलं सोडा, थायलंडमधून बाहेर पडतानाच विचारतात. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायचे छोटे ताईत त्यातून सुटतात, विहारात ठेवायची मूर्ती सुटत नाही. परवान्याला काही दिवस लागतात आणि तुमची टूर आहे चार रात्रींची. तेव्हा मूर्तीसाठी गोळा केलेली वर्गणी इथंच ठेवून जा.