लातुरात बसून गॅसवर लिहू नये म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, एनजीएलमध्ये, म्हणजे नैसर्गिक वायूतून वेगळ्या काढलेल्या द्रवात, ॲसिड कुठून येतं यावर मी मागं लेख लिहिला. गॅसमधलं पाणी शोषणारं ग्लायकॉल आणि त्यातले आम्लवायू काढणारं अमाइन, या दोन्हींकडं मी त्यात बोट दाखवलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, ‘एनजीएलमधलं ऑरगॅनिक ॲसिड विहिरीच्या पाण्यातूनच येतं. ते प्लांटच्या ग्लायकॉल-अमाइनवर ढकलू नका. कुठून किती टक्के, ते सांगा. रिबॉयलर 240 अंशांवर कोण चालवतं? लातुरात बसून गॅसवर गूगल करून लिहू नये.’

रिबॉयलरचं, म्हणजे ग्लायकॉल तापवून त्यातलं पाणी उडवणाऱ्या भांड्याचं, खरंय. 204 लिहायचं होतं, आकडे उलटे पडले. चूक माझी, दुरुस्त केली.

आता लातूर. इथं खाली काळा कातळ आहे, गॅस नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण आमच्या घरी गुऱ्हाळ होतं. काहिलीत पाक जरासा लागला तरी वासानं झोपेतून उठायचो. तेच नाक घेऊन कोकणातल्या एका गॅस प्लांटच्या लॅबमध्ये 22 वर्षं काढली. एका पहाटे ग्लायकॉलचा नमुना आला, काळाकुट्ट. झाकण काढलं आणि करपलेल्या काकवीचा भपकारा आला! पट्टी बुडवली, पीएच 5 च्या खाली. शिफ्टमधले म्हणाले, ‘विहिरीचंच असेल.’ तुमच्यासारखेच. टाकीवर जाऊन बघतो तर हवा आत शिरू नये म्हणून सोडलेला नायट्रोजन बंद. कधीपासून, याची रजिस्टरात ओळसुद्धा नाही.

ट्रायइथिलीन ग्लायकॉल 206 अंशांच्या आसपास तुटायला लागतं. हवा लागली तर त्याच्या आधीच नासतं आणि त्यातून फॉर्मिक, ॲसेटिक ॲसिड तयार होतं. कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे गॅस ग्लायकॉलनं सुकवतात त्या टॉवरमधून, गॅसबरोबर उडालेलं ग्लायकॉल पुढं थंडाव्यात एनजीएलबरोबर खाली उतरतं. अमाइनलाही हवा सोसत नाही. त्यात झालेलं फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिकचं मीठ, अमाइन तापवून शुद्ध करणाऱ्या रीजनरेटरच्या उष्णतेनं सुटत नाही, साठत जातं. एनजीएल धुणाऱ्या ट्रीटरमधून अमाइन निसटलं की हेही पुढं गेलंच. यातलं गूगलनं मला काय शिकवलं, ते तुम्हीच सांगा.

राहिला तुमच्या ‘पाण्यातूनच’मधला तो ‘च’. विहिरीच्या पाण्यात ॲसेटिक असतं, हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे; तिथपर्यंत वाचायचा त्रास घेतला नसेल. पण फॉर्मिक जास्त निघालं की मी आधी अमाइनच्या टाकीकडं जातो, विहिरीकडं नाही. टक्के प्लांटगणिक वेगळे, त्यावर काय बोलायचं?

औशाकडं आलात तर घरी या. तो नमुना अजून माळ्यावर आहे. झाकण तुम्हीच काढा.