मुंबईत हीट मॅट कशाला?

टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) पाळण्यावरच्या लेखातलं, नवशिक्यांनी चिलियन रोझ घ्यावी हे पटलं, शांत जात आहे, पण त्यात सांगितलेली ती हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी चटई) कशाला हो? मे महिन्यात इथे आपणच भाजून निघतो, टॅरंटुलाला घरातलं साधं तापमान पुरतं. आपल्याकडे खरा ताप पावसाळ्याचा, टाकीत बुरशी धरते, माइट्स (बारीक कीटक) होतात, म्हणून बाजूने भरपूर भोकं असलेला डबा बघा आणि न खाल्लेला क्रिकेट (खायला टाकलेला रातकिडा) लगेच उचला.

आणि लेखात अजिबात नाही ती गोष्ट म्हणजे सोसायटीचं पेस्ट कंट्रोल!! झुरळांवर मारतात ते औषध हिलाही मारतं, त्यामुळे नोटीस लागली की डबा थोडे दिवस दुसऱ्या कोणाकडे तरी हलवायचा (कोणी ठेवून घेतलं तर, आमची मावशी दारातच उभं करत नाही).

उलटी पडलेली दिसली तर मेली समजून हलवू नका, बहुतेक कात टाकत असते, तेव्हा आत जिवंत क्रिकेट असेल तर तो मऊ अंगाला चावतो. रीलसाठी हातावर घेणाऱ्यांना तर काय बोलायचं, थोड्या उंचीवरून पडली तरी पोट फुटून मरते. रेड नी ही जात घ्यायची असेल तर आधी कागद मागा, ती CITES च्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहे आणि 2022 च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. घाटात दिसलेली रानातली टॅरंटुला तर उचलून आणूच नका, ती पळायलाही फास्ट आणि विषही जास्त जहाल.

मादी 15-20 वर्षं जगते हं, लग्नाआधी घरच्यांना सांगून ठेवा 😄