आपोआप चालणारा ब्रँड आणि तीनदा विकला गेलेला शर्ट

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी 'तुझ्यासाठीच आहे' असं वर लिहून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कपड्यांचा छोटा ब्रँड एकट्याने, आठवड्याला चार तासांत चालवता येतो. सॉफ्टवेअर घेतलं की गोंधळ मिटतो. कुठली साईज किती बनवायची ते एआय सांगतं. रिटर्न आपोआप मार्गी लागतात. ग्राहकांशी चॅटबॉट बोलतो. आणि थोड्याच दिवसांत शिलाईही रोबो करणार, म्हणजे कारागिरांची कटकटसुद्धा संपली.

मी बरीच वर्षं शर्ट आणि ड्रेस बनवून विकते. ऑटोमेशनशी माझं काही वाकडं नाही, रोज वापरते. म्हणूनच हा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग राग.

'सॉफ्टवेअर घेतलं की गोंधळ मिटतो'

गोंधळ मिटत नाही, तो पडद्यावर नीट चौकटींत दिसायला लागतो. आमच्याकडे एकाच शर्टाला तीन नावं होती. वेबसाइटवर 'नेव्ही', पॅकिंगच्या टेबलावर 'गडद निळा' आणि कटिंग मास्टरच्या वहीत 'जुना निळा'. सॉफ्टवेअरने तीनही इमानेइतबारे नोंदवली. वेबसाइट म्हणे माल संपला, आणि कपाटात नऊ नग पडून.

प्रत्येक नगाला एकच कोड असावा: डिझाइन, रंग, साईज, बस. त्यात किंमत किंवा सीझन घुसवू नये, कारण ते बदलतात आणि मग कोड खोटं बोलायला लागतो. कापडाच्या थानाचा लॉट नंबर मात्र वेगळा लिहून ठेवावाच. एकाच रंगाची दोन थानं वेगवेगळ्या वेळी रंगवलेली असली, तर दिव्याखाली सारखी दिसतात आणि उन्हात शर्टाची बाही अंगापेक्षा वेगळी निघते. हे सगळं ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि त्यासाठी वही-पेन्सिल पुरली. ते ठरल्यावर तेव्हा कुठे सॉफ्टवेअरचा उपयोग झाला.

'कुठली साईज किती बनवायची ते एआय सांगतं'

जरा हिशेब करू. १२ डिझाइन, प्रत्येकाचे ३ रंग, प्रत्येक रंगात ५ साईज. झाले १८० प्रकार. महिन्याला २०० नग विकले जात असतील, तर एका प्रकाराच्या वाट्याला महिन्याला जेमतेम एक नग येतो. कुणाचे तीन जातात, कुणाचा एकही नाही. त्यातून कल शोधणं म्हणजे दोनदा नाणं उडवून ते खोटं ठरवण्यासारखं आहे. शिवाय एल साईज दहा तारखेलाच संपली, तर पुढचे वीस दिवस तिची विक्री शून्य दिसते. यंत्र समजतं, एल कुणाला नकोय. खरं तर एलच सगळ्यांना हवी होती.

भरपूर आकडे हाताशी असलेल्यांचीही यात फसगत झालेली आहे. नायकीने २००० साली मागणीचा अंदाज बांधणारी नवी प्रणाली सुरू केली. न खपणारे बूट जास्त बनले, हवे ते कमी पडले, आणि २००१च्या सुरुवातीला कंपनीने सुमारे १० कोटी डॉलरची विक्री बुडाल्याचं सांगितलं. नायकी ते पचवू शकली. आपलं एका चुकीच्या लॉटमध्ये पुढच्या सीझनचं कापड अडकतं.

त्यापेक्षा अंदाजाची गरजच कमी करावी. बेनेटन या इटालियन कपड्यांच्या कंपनीने १९७०च्या दशकात हेच केलं: स्वेटर बिनरंगी विणून ठेवायचे आणि कुठला रंग खपतोय ते बघून मग रंगवायचे. आपल्यापुरतं बोलायचं तर सगळं थान एकदम कापू नका. आधी थोडे नग कापा, दोन आठवडे बघा, जी साईज खपतेय तिला उरलेलं कापड द्या. कापड कुठल्याही साईजचं होऊ शकतं, शिवलेला एक्सएस मात्र एक्सएसच राहतो.

हां, आपोआप ऑर्डर जाण्याची सोय बटणं, लेबलं, पिशव्या यांना लावा. ती सगळ्या डिझाइनना सामाईक असतात, त्यामुळे खप बऱ्यापैकी स्थिर. रोजचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडी राखीव. इतका साठा उरला की ऑर्डर जावी. आमच्याकडे हे छान चालतं.

'रिटर्न आपोआप मार्गी लागतात'

इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. आम्ही रिटर्नची सगळी साखळी आपोआप करून टाकली. ग्राहकाने कारण निवडायचं, मंजुरी लगेच, पार्सल परत आलं की बारकोड स्कॅन आणि नग पुन्हा स्टॉकमध्ये. दोन महिने सगळे खूश.

मग एक पांढरा शर्ट, एम, तीनदा गेला आणि तीनदा परत आला. कारण तिन्ही वेळा तेच, 'साईज बसली नाही'. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या कॉलरची घडी इतकी मोडली होती की पॅकिंगवाल्या ताईंनी तो माझ्यासमोर आणून ठेवला. मी तो दुसऱ्या एमवर पसरला. खांद्याला खांदा जुळवला, तर बाजूची शिवण जवळजवळ बोटभर आत. उलटा करून बघितला. लेबल एमचं, शर्ट एसचा. शिवताना गठ्ठे शेजारी-शेजारी असतात, लेबलाची चळत बदलायची राहिली असणार.

पण खरी मजा पुढेच आहे. त्या प्रकाराच्या नावावर विक्री ३ नोंदलेली होती, आणि अहवालाने तो 'चालणारा माल' ठरवून पुन्हा बनवायची शिफारस केली होती!

आता मंजुरी आपोआप मिळते, नग स्टॉकमध्ये परत जायच्या आधी मात्र टेबलावर उघडला जातो. छाती, खांदा, लांबी, तीन मापं. मिनिटभराचं काम. तेवढ्यात लेबलाची चूक सापडते, लिपस्टिकचा डाग सापडतो, आणि कधीकधी कळतं की कापड घालून-धुऊन आलंय. 'बसली नाही' या दोन शब्दांतून यातलं काहीच कळत नाही. आणि हो, विक्रीचा अहवाल आम्ही आता रिटर्न वजा करूनच बघतो.

'ग्राहकांशी चॅटबॉट बोलतो'

'पार्सल कुठे आहे' एवढ्यापुरता बोलू द्या. बदलून मिळेल का, पैसे परत कधी, यावर त्याने मनाचं काही ठोकून दिलं तर ते आपल्याला निस्तरावं लागतं. २०२४ मध्ये कॅनडातल्या एका लवादाने एअर कॅनडाला तिच्या चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल जबाबदार धरलं. चॅटबॉट हा आमच्यापासून वेगळा आहे, हा बचाव चालला नाही.

'शिलाईही रोबो करणार'

कापड आपोआप कापणारी यंत्रं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. शिलाई मागे राहिली, कारण कापड लुळं असतं. सरकतं, ताणतं, गुंडाळतं. २०१६ मध्ये 'सोबो' नावाच्या प्रयोगात रोबोने टी-शर्ट शिवला, पण त्यासाठी कापड आधी पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाने पुठ्ठ्यासारखं कडक करावं लागलं. आदिदासने तर जर्मनी आणि अमेरिकेत रोबोंचे बुटांचे कारखाने उभारले आणि २०१९ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंढ्याला बाही बसवताना आमच्या ताई वरचं कापड अंगठ्याने किंचित ढिलं सोडत जातात. त्यांना कटकट म्हणणाऱ्याने एक बाही लावून दाखवावी.

राहिले ते चार तास. बिलं, पार्सलच्या चिठ्ठ्या, ट्रॅकिंगचे मेसेज, दोन ठिकाणच्या विक्रीचा एकच साठा, एवढं आपोआप केल्यावर माझे रोजचे दोनेक तास खरोखर वाचले. मेसेजमधलं तेवढं म्हणणं शंभर टक्के बरोबर. वाचलेला वेळ सॅम्पल बघण्यात जातो. नवीन शर्ट अजून मीच घालते, हात वर करते, खुर्चीत बसते, आणि छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडतेय का ते आरशात बघते. परवाच्या सॅम्पलला पडली. बटण अर्धा इंच वर घेऊन मास्टरकडे परत पाठवलाय.